शिदोरी, पाणी आणि पंगत



स्मरणिका समितीने मला विहाराच्या इतिहासावर चार पाने लिहायला सांगितली. विहाराची जागा कशी मिळाली, वर्गणी किती जमली, बुद्धमूर्ती कुठून आणली, हे सारे चिटणीसांच्या अहवालात येणारच आहे. मी त्या अहवालात न येणारा इतिहास लिहिणार आहे. विहाराच्या मागच्या खोलीत तीन मोठी पातेली पालथी घातलेली आहेत. त्यांची बुडे जाळाने काळी झाली आहेत आणि एकाचा कान तुटलेला आहे. माझ्या मते आपल्या इतिहासाचा एक मोठा ग्रंथ त्या तीन पातेल्यांत आहे. फक्त तो कुणी वाचलेला नाही.

मी काही विद्वान नाही. नववीत शाळा सुटली. पुढचं शिक्षण रात्रशाळेत, विहाराच्या कपाटातल्या खैरमोड्यांच्या चरित्रात आणि शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या खंडांत झालं. तेव्हा काही चुकले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

माणसाला गुलाम करायचं तर बेडी घालायलाच पाहिजे असं नाही. त्याचं ताट वेगळं मांडलं की पुरतं. गावगाड्यात आमच्या वाडवडिलांना बलुतं मिळायचं आणि येसकराची पाळी ज्याची असेल त्याने संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी गोळा करायची. लांबून हाक मारायची आणि वरून टाकलेली भाकरी झेलायची. त्या भाकरीच्या बदल्यात दिवसरात्र राबायचं, तरी तिला मजुरी म्हणायचं नाही, उपकार म्हणायचं. बाबासाहेब महार वतनाविरुद्ध इतकी वर्षे का भांडले, हे ती भाकरी समजल्याशिवाय समजत नाही. वतन कायद्याने गेले ते १९५८ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या पश्चात.

आता प्रवासातली एक शिदोरी पाहू. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ती लिहून ठेवली आहे. साल १९०१. वडील गोरेगावला नोकरीवर. भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं अशी पोरं साताऱ्याहून रेल्वेने निघाली. अंगावर नवे कपडे, सोबत भरपूर खाण्याचं. मसूर स्टेशनात उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण बैल पोरांनीच हाकायचे आणि तो बाजूने चालणार. वाटेत शिदोरी सोडली, तर पाणी शेणामुताने घाण झालेलं. अर्धपोटीच फडकं बांधलं. मध्यरात्री टोलनाक्यावर पोचले. गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे भीमरावाने 'आम्ही मुसलमान आहोत' असं सांगून पाणी मागितलं, तरीही मिळालं नाही. टोपलीत अन्न, पोटात आग, आणि पोरं उपाशी झोपली. कारण पाण्याशिवाय घास उतरत नाही.

बांधवांनो, नऊ-दहा वर्षांच्या पोराला एक घोट पाण्यासाठी आपण कोण हे लपवावं लागलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे माझीही एक गोष्ट सांगायची आहे.

या अंधारात काही दिवे लागले होते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, तर राजर्षी शाहू महाराज आपली गाडी थांबवून तिथला चहा घेत. राजानेच चहा घेतल्यावर बरोबरच्या सरदारांना नाही म्हणता येईना. तिकडे केरळात सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ साली चेराई गावी पुलया मुलांच्या पंक्तीला बसून मिश्रभोजन केलं, तेव्हा त्यांच्याच लोकांनी त्यांना चिडवायला 'पुलयन अय्यप्पन' हे नाव पाडलं. त्यांनी ते भूषण म्हणून मिरवलं.

आणि मग महाड. १९ व २० मार्च १९२७. आपण दरवर्षी चवदार तळ्याचं भाषण ऐकतो, पण परिषदेच्या स्वयंपाकाचा इतिहास सांगत नाही. महाडात आपल्या लोकांना पाणी नव्हतं, म्हणून परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं तिथंच, आणि पाणी विकत! परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा. म्हणजे तळ्यावर जाण्याआधी त्यांनी आपल्या चुलीला हात घातला. दुसऱ्या दिवशी सारे चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले. पुढे गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जमाव लाठ्या घेऊन मंडपावर चालून आला. पुष्कळ लोक परतीच्या वाटेला लागले होते आणि जे राहिले ते जेवणाच्या तयारीत होते. त्यांना मारलं, भांडी फोडली, शिजलेलं अन्न मातीत कालवलं. कित्येकांना मुसलमान बांधवांच्या घरात आसरा घ्यावा लागला. नंतर तळं 'शुद्ध' करायला १०८ घागरी पंचगव्य ओतलं.

माझे आजोबा, आईचे वडील, त्या परिषदेला गेले होते असं आमच्या घरात सांगत. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. आजी म्हणायची, "महाडाहून आले ते डोक्याला फडकं बांधून. आल्या आल्या चुलीवरचं वाळल्या मांसाचं मडकं उचललं नि उंबऱ्याबाहेर आपटलं. मी म्हटलं, आता खायचं काय? तर म्हणाले, जे कमवू ते." त्या रात्री घरात नाचणीची आंबील आणि मीठ होतं. आजोबा महाडला जाऊन आले हे कुठल्या पुस्तकात नाही, पण ते फुटलेलं मडकं मी इतिहासाचा पुरावा मानतो.

डिसेंबर १९२७ च्या परिषदेला तर महाडच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचं बंद केलं. धान्य बाहेरून आणावं लागलं. मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा दावा मात्र दहा वर्षे चालला आणि हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने लागला. एका ओंजळीला दहा वर्षे.

त्या काळात सहभोजनांची चळवळही सुरू झाली. समाज समता संघाने सहभोजने घडवली. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या पंक्ती मांडल्या. या मंडळींचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिलं आणि मंडळाने जे होऊच दिलं नाही, त्यात त्यांनी बजावलं आहे की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. एका पंक्तीला जेवणाऱ्या कितीतरी जाती आहेत, तरी त्या जातीच राहिल्या. त्यांनी बोट ठेवलं ते बेटीव्यवहारावर आणि शास्त्रांवरच्या श्रद्धेवर. हे वाचल्यावर मला पुष्कळ दिवस प्रश्न पडला. मग आपण ही पातेली का घासतो? पंगतीने जात जात नसेल तर पंगत कशाला?

याचं उत्तर मला गिरणीत मिळालं.

गिरणगावात जात गिरणीच्या दारापर्यंतच येते आणि भोंगा झाला की बाहेर राहते, असं पुष्कळांना वाटायचं. ते खरं नव्हतं. विणाईच्या खात्यात मजुरी जास्त, पण तिथं आपल्या लोकांना वर्षानुवर्षे घेत नव्हते. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि दुसऱ्याच्या तोंडचा धोटा बाटतो! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे टाकला. मालकाविरुद्ध एक व्हा म्हणता, मग आधी हा धोटा एक करा, असा त्याचा अर्थ.

खाणावळींचीही अशीच गोष्ट. गावाकडून आलेला एकटा कामगार खाणावळवाल्या बाईकडे महिन्याने जेवायचा. त्या बायांच्या हातावर गिरणगाव जगलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा संघटना उभारली, तेव्हा त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळू लागलं. पण खाणावळीही बहुधा गाववाल्यांच्या आणि जातवाल्यांच्याच असायच्या. ताट घामाचं, तरी पंगत जातीची.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. वडील संपात. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले होते. चाळीत कुणाच्या गावाहून तांदूळ आला तर तो चार बिऱ्हाडांत जायचा. त्या दिवसांत कुणी 'कुणापैकी' म्हणून विचारल्याचं मला आठवत नाही. भूक होती तोवर पंगत एक होती.

पुढे १९८६ साली मी बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो. जेवणाच्या सुट्टीत सहा जण साच्यामागे वर्तमानपत्र पसरून बसायचे, डबे मध्ये ठेवायचे. मला बोलावलं. एकाने विचारलं, "गाव कुठलं? कुणापैकी?" मी गाव सांगितलं आणि पुढचं गिळलं. त्यांनी आपल्याच मनाने काहीतरी धरलं आणि मी ते तसंच राहू दिलं. आईच्या हातचा सुक्या जवळ्याचा डबा त्यांना फार आवडायचा. आठ महिने मी त्या पंगतीत जेवलो. पण ६ डिसेंबर आला आणि माझ्या पोटात गोळा आला. रजा मागावी तर कळणार. मी रजा मागितली नाही. आई चाळीच्या पटांगणात चैत्यभूमीला आलेल्या लोकांसाठी भात रांधत होती आणि मी गिरणीत साच्यावर उभा होतो. रात्री आईने एवढंच विचारलं, "तुझ्या बाबासायबाला रजा नाय मिळाली?"

टोलनाक्यावरच्या पोराने तहानेपोटी खोटं सांगितलं. मला तर तहानही नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी अर्जावर कारण लिहूनच रजा घेतली, 'महापरिनिर्वाण दिन'. आठ तारखेला डबा घेऊन साच्यामागे गेलो तर वर्तमानपत्रावर दोघेच होते. बाकीचे तिघे दुसरीकडे बसले आणि एकाने सुट्टीतली वेळच बदलली. त्या दोघांपैकी एक साताऱ्याकडचा मराठा होता. तो म्हणाला, "बस की. जवळा आणलायस का?" तो पुढे प्रत्येक ६ डिसेंबरला पहाटे पटांगणात कांदे चिरायला यायचा, आणि विहार झाल्यावर विहारात. गिरणी १९९९ ला बंद झाली तरी यायचा. तो गेला त्या वर्षापर्यंत त्याची विळी आपल्याच मागच्या खोलीत होती.

तेव्हा मला बाबासाहेबांच्या म्हणण्याचा अर्थ लागला. पंगतीने जात मरत नाही हे खरंच, तिघे उठून गेले ना! पण पंगत खरं-खोटं उघडं करते. नाव सांगून बसलेल्या पंगतीत कोण उरतो, तोच आपला. नाव लपवून जेवलेली हजार जेवणं जमेस धरता येत नाहीत.

भगवान बुद्धांनी हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. भिक्खू पात्र घेऊन घरं न गाळता ओळीने जायचे. श्रीमंताचं नि गरिबाचं अन्न एकाच पात्रात पडायचं. संघात बसायचं ते जातीने नाही, आधी प्रव्रज्या कुणाची त्या क्रमाने, आणि उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या दिली ती त्यांचा अभिमान मोडावा म्हणून. आनंदाने प्रकृती नावाच्या चांडाळ मुलीकडे पाणी मागितलं. ती जात सांगू लागली, तर तो म्हणाला की मी पाणी मागितलंय, जात विचारली नाही. आणि चुंद लोहाराच्या घरचं जेवण शेवटचं ठरलं, तेव्हा तथागतांनी आनंदाला सांगून ठेवलं की चुंदाला कुणी दोष देऊ नये, संबोधीपूर्वीचं जेवण आणि हे जेवण सारख्याच पुण्याचं. मरणाच्या दारातही त्यांना रांधणाऱ्याच्या मनाची काळजी होती.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक जमले ते कुणाच्या आमंत्रणाच्या जेवणावर नाही. आपापली भाकर-चटणी फडक्यात बांधून, रेल्वेने, बैलगाडीने, पायी आले. १९८८ च्या ६ डिसेंबरला वऱ्हाडातली एक आजी आमच्या पटांगणात जेवायला बसली होती. पान संपवल्यावर तिने आपलं गाठोडं सोडलं, ज्वारीची भाकर मोडली आणि आईपुढे धरली. "घे वो बाई, आमच्या घरची हाय. तुमचं खाल्लं, आता आमचं खा." ती छप्पन साली कडेवर पोर घेऊन दीक्षाभूमीवर गेली होती. तिकडेही असंच झालं म्हणाली, शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने तिला अर्धी भाकर दिली होती, आणि ती ते अर्ध्या भाकरीचं देणं फेडत फिरत होती.

त्या आजीनेच आईला गोळाभात शिकवला. डाळ भिजवून जाडसर वाटायची, तिखट-मीठ-हळद घालून गोळे वळायचे, भात अर्धा शिजला की वर ठेवून झाकण लावायचं. वाढताना गोळा भातात कुस्करायचा आणि त्यावर मोहरी, हिंग, लाल मिरचीची कडकडीत फोडणी. आई महाडकडची, जन्मभर तांदळाची भाकरी नि मासळी खाल्लेली. पण तेव्हापासून अशोक विजयादशमीला आमच्या घरी गोळाभात होतो. १९९१ साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीत आपला विहार उभा राहिला, तेव्हा पहिल्या पंगतीलाही तोच होता. वैशाख पौर्णिमेची सुजाताच्या आठवणीची खीर, ६ डिसेंबरची पुरी-भाजी आणि दसऱ्याचा गोळाभात, हे आपल्या विहाराचं पंचांग आहे.

शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या आपल्या माणसांचं खाणं कागदावर आणलं. तसं प्रत्येक विहाराने केलं पाहिजे. नाहीतर भाषणं उरतील आणि चव जाईल.

आता ज्यासाठी लेखणी घेतली ते सांगतो. यंदाच्या सभेत ठराव आला आहे की ६ डिसेंबरचा स्वयंपाक बंद करून कंत्राटदाराकडून पाकिटं घ्यावीत. ठराव मांडणारी पोरं वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं खरं आहे, गर्दी वाढली, जागा अपुरी, गॅसची भीती, आणि रांधणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या, सुना नोकरीला जातात. मला यातला शेवटचा मुद्दा टोचला. तीस वर्षे बाया रांधत होत्या आणि आम्ही पुरुष माईक धरत होतो. मी स्वतः 'समता' या विषयावर किती भाषणं केली याची गणती नाही, पण पातेलं किती वेळा घासलं ते बोटावर मोजता येईल. तेव्हा चूक बायांच्या वयाची नाही, आमच्या हातांची आहे.

आणि आणखी एक. गेली काही वर्षे पाहुण्यांसाठी वेगळं टेबल आणि बाटलीचं पाणी ठेवतो. हेतू आदराचाच आहे. पण चवदार तळ्याच्या लेकरांनी वेगळं पाणी ठेवावं, हे मला खाली बसून बघवत नाही.

कुणी म्हणेल, आता काळ बदलला. संविधानाने हॉटेलं, विहिरी, तळी सर्वांना खुली केली, अस्पृश्यता गुन्हा ठरली. होय, आणि तरी २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात शाळेतल्या मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं जेवण नाकारलं. पोरांना ते कुणीतरी घरात शिकवलं. म्हणजे 'कुणी रांधलं' हा प्रश्न अजून जिवंत आहे. मग आपण रांधणं सोडून कसं चालेल? पाकिटावर रांधणाऱ्याचा हात दिसत नाही. आपल्या पंगतीचा अर्थच तो हात आहे.

माझी सूचना साधी आहे. पाकिटं प्रवासात नेणाऱ्यांसाठी जरूर करा, शिदोरी म्हणून. पण एक पातेलं तरी आपल्या हाताने चढू द्या. रांधण्याची पाळी लावा, गिरणीत लावायचे तशी, आणि पहिल्या पाळीत पुरुषांची नावं लिहा. माझं नाव सर्वांत वर घ्या. अध्यक्ष, पाहुणे, झाडूवाला, परगावची आजी, सारे एका ओळीत खाली बसू द्या. ज्यांना गुडघ्याने बसता येत नाही त्यांना खुर्ची द्या, पण ओळीतच. आणि विहाराच्या दारात शेजारच्या वस्तीलाही हाक मारा, मग ती कुठल्याही जातीची असो. कोण येतो आणि कोण उठून जातो ते बघू. उठून गेलेल्यांची मोजदाद ठेवायची गरज नाही. एखादा विळी घेऊन कांदे चिरायला बसला तर त्याला जागा करून द्यायची.

ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. त्याआधी मी मागच्या खोलीत जाऊन कान तुटलेल्या पातेल्याला कल्हईवाल्याकडे नेणार आहे. कुणाला हात लावायला यायचं असेल तर रविवारी सकाळी, वंदनेनंतर यावं.

जयभीम. नमो बुद्धाय.